खर्जातली गिटार: ए-ई-ए-ई-ए-डी ट्यूनिंग कसं लावावं आणि कसं वाजवावं

इलेक्ट्रिक गिटार खाली उतरवायची म्हटलं की बहुतेकांना एकच आवाज आठवतो: जाड, खरखरीत, छातीवर धडकणारा. तो मिळतोच. पण सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार सात अर्धस्वर (एक फ्रेट म्हणजे एक अर्धस्वर) खाली नेल्यावर मला त्याहून मोलाचं काही सापडलं. ती तार एकटीच छेडली, तर बाकीच्यांतल्या चार तारा हात न लावता बोलू लागल्या. तंबोरा नीट जुळला की खोली भरून येते, तशी गिटार भरून आली. हे ट्यूनिंग मी त्या गुंजनासाठी लावतो. वजन त्याच्यासोबत आपसूक येतं.

जाड तारेकडून बारीक तारेकडे सूर असे: ए, ई, ए, ई, ए, डी. खालच्या ए-ला सा मानलं तर सा, प, सा, प, सा, म. कंपनसंख्येत सहावी तार ५५ हर्ट्झ, पाचवी ८२.४, चौथी ११०, तिसरी १६४.८, दुसरी २२० आणि पहिली २९३.७. नेहमीच्या ट्यूनिंगपासून मोजलं तर सहावी सात अर्धस्वर खाली जाते, पाचवी आणि चौथी पाच, तिसरी तीन, दुसरी आणि पहिली दोन.

गुंजन कुठून येतं तेही या आकड्यांतच आहे. ५५ हर्ट्झच्या तारेत ११०, १६५, २२० असे तिच्या पटीतले सूरही दडलेले असतात. ११० म्हणजे आपली चौथी तार, १६५ म्हणजे जवळजवळ तिसरी, २२० म्हणजे दुसरी. पाचवी तार स्वतःच्या दुप्पट सुरावर, म्हणजे पुन्हा १६५ च्या आसपास, थरथरते. पहिली तार, आपला मध्यम, मात्र या रांगेत बसत नाही. तुम्ही छेडेपर्यंत ती जवळजवळ गप्प असते आणि छेडली की सगळ्या स्थिर सुरांवर एक ओढ निर्माण करते. पहिली तार पंचमाला लावली असती तर ट्यूनिंग अधिक गोड झालं असतं आणि दहा मिनिटांत कंटाळा आला असता. म्हणून मी मध्यमावर ठाम आहे.

तारा उतरवण्यामागे पुष्कळदा शरीराची गरज असते. ब्लॅक सबाथ बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली. ते डावखुरे, त्यामुळे हीच बोटं तारा दाबणारी. १९७१ पर्यंत ते तीन अर्धस्वर खाली वाजवू लागले होते; सैल तारा त्या बोटांना सोसायच्या. गायिका-गिटारवादक जोनी मिचेल यांचा डावा हात लहानपणीच्या पोलिओने अशक्त झाला होता आणि त्यातून त्यांची असंख्य मोकळी ट्यूनिंग आली. किंग क्रिम्सन बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी १९८३ मध्ये सी-जी-डी-ए-ई-जी हे पंचमांवर रचलेलं ट्यूनिंग धरलं ते मात्र शुद्ध सांगीतिक ओढीने. तुमचं कारण काहीही असो, गिटारला काही करण्याआधी पुढची पायरी घ्या.

आज, आहे त्याच तारांवर

नव्या तारा आणण्याआधी हाच सांगाडा तीन अर्धस्वर वर लावून पाहा: सी, जी, सी, जी, सी, एफ. अंतरं तीच, म्हणजे सा प सा प सा म, फक्त सा आता सी-वर. यासाठी सहावी तार चार अर्धस्वर खाली न्या, पाचवी आणि चौथी दोन-दोन. तिसरीला हात लावू नका. दुसरी आणि पहिली एकेक अर्धस्वर वर चढवा. गेज १० च्या संचाला एवढं चढणं झेपतं (गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात; संच पहिल्या तारेच्या गेजने ओळखतात). तारा जुन्या आणि गंजलेल्या असतील तर पहिली तुटू शकते, म्हणून चढवताना चेहरा बाजूला ठेवा.

सहावी सैल लागेल, पण बोटांना रचना कळेल. दोन-तीन दिवस असंच वाजवा. मन लागलं तर पुढच्या खटपटीला अर्थ आहे. नाही लागलं तर अर्ध्या मिनिटात मूळ ट्यूनिंगवर परत.

तारा निवडणं: निम्मं यश इथेच

खालच्या ट्यूनिंगबद्दलच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे सूर डळमळतो, तार फ्रेटवर खरखरते, आवाज चिखलासारखा होतो, शेवटी चुकीच्या गेजपाशी येऊन थांबतात. २५.५ इंच स्केलच्या, म्हणजे वाजणाऱ्या तारेच्या तेवढ्या लांबीच्या, गिटारवर ०.०४६ इंचाची तार नेहमीच्या ई-ला साधारण ७.९ किलोच्या ताणावर असते. तीच तार ए-पर्यंत उतरवली की ताण ३.५ किलोवर येतो, निम्म्याहूनही कमी. एवढ्या ढिल्या तारेवर पिक जोरात मारला की सुरुवातीला सूर वर उडतो आणि मग खाली सरकतो. ट्यूनर कितीही चांगला असला तरी तो डगमग थांबवू शकत नाही.

हिशोब सोपा आहे. ताण तसाच ठेवायचा तर दर अर्धस्वर खाली जाताना गेजला सुमारे १.०६ ने गुणायचं. सात अर्धस्वरांना हा गुणक जवळजवळ १.५ होतो, म्हणजे ४६ ची तार ६९ च्या घरात. पाच अर्धस्वरांना १.३३, तीनला १.१९, दोनला १.१२. १०–४६ च्या संचाची सवय असलेल्या हाताला २५.५ इंचावर माझा संच असा:

सहावी ०.०६८ (किंवा ०.०७०)
पाचवी ०.०४८
चौथी ०.०३४
तिसरी ०.०२२, वेढ्यांची
दुसरी ०.०१५
पहिली ०.०११

तिसऱ्या तारेला गुणाकाराने साधी ०.०२० येते आणि तिचा ताणही बरोबर बसतो. पण एवढी जाड साधी तार ताठ असते. ती दाबताना सूर चढतो, आवाज काडीसारखा कोरडा येतो. वेढ्यांची तार आत बारीक गाभ्याची असल्याने लवचीक राहते. मींडसारखी ओढ हवी असेल तरच साधी घ्या.

२४.७५ इंच स्केलवर ताण जवळपास सहा टक्क्यांनी घटतो, तिथे सहावीला ७० किंवा ७२ घ्या. २७ इंचाची बॅरिटोन गिटार हाताशी असेल तर ६४ पुरते आणि आवाजही जास्त स्वच्छ येतो. लांब स्केलवर बारीक तार चालते आणि बारीक तार कमी ताठ असते. अतिजाड, आखूड तार थोडी सळईसारखी वागू लागते, तिचे वरचे सूर पटीत न राहता किंचित चढे होतात, आणि मग कॉर्ड कितीही जुळवली तरी आंबट लागते.

या संचाचा एकूण ताण नेहमीच्या संचाइतकाच, साधारण ४६-४७ किलो, भरतो. म्हणजे गिटारच्या मानेवर जास्तीचा भार येत नाही आणि स्प्रिंगच्या तरंगत्या ब्रिजचा तोलही फारसा बिघडत नाही. जाड तारा लावल्या की मान वाकते ही भीती मी पुष्कळांकडून ऐकली आहे. जाड तार वरच्या सुराला खेचली तरच ती खरी ठरते.

तारा चढवणं आणि नट

एका वेळी एकच तार काढा आणि बदला, म्हणजे मान आणि ब्रिज अचानक मोकळे होत नाहीत. जाड तार कापण्याआधी ती खुंटीपाशी पक्कडने काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पलीकडे कापा. पहिल्या वेळी मी सरळ तारच कापली. बाहेरचा वेढा गाभ्यावर सैल झाला आणि नवीकोरी तार ओल्या दोरीसारखी वाजली. ती तार फेकावीच लागली. ०.०६८ ची तार काही खुंट्यांच्या भोकात शिरत नाही. अशा वेळी खुंटीच्या पलीकडे जाणाऱ्या टोकाचा वेढा उलगडून फक्त गाभा आत घालतात. वेढ्याची सुरुवात खुंटीवर घट्ट आवळली जाईल एवढी काळजी घ्या. फाइन ट्यूनर आणि कुलूप असलेल्या ब्रिजवर तारेचं टोक ज्या ठोकळ्यात आवळतात तिथे एवढी जाड तार बसते का, हे तार घेण्याआधीच मोजून पाहा.

आता नट, म्हणजे मानेच्या टोकाची ती खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात. मूळ खाच ४६ च्या तारेसाठी कापलेली असते, त्यामुळे ६८ ची तार तिच्यात न बसता कडांवर स्वार होते. दोन लक्षणं दिसतात: मोकळी तार पहिल्या फ्रेटपासून उंच राहते, आणि खुंटी फिरवताना तार “टिक” असा आवाज करत उडी मारते. खाच रुंद करायची ती नटच्या कानसनेच, तारेपेक्षा केसभर जास्त. कानस मानेकडून खुंट्यांकडे किंचित उतरती धरा, म्हणजे तार मानेकडच्या काठावरच टेकेल. खोली तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यामध्ये पाहा. कागदाच्या जाडीइतकी फट दिसायला हवी. फट नसेल तर खाच जास्त खोल गेली. नटवरची चूक पुसता येत नाही, म्हणून मी मूळ नट काढून जपून ठेवतो आणि कानस दुसऱ्या नटवर चालवतो. शेवटी खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा.

मान आणि ब्रिज: सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. पाव मिलिमीटर ठीक, थोडी जास्तही चालेल, कारण खर्जाची तार रुंद झुलते. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २ ते २.५ मिलिमीटर ठेवा. ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा वाक बदलणारा दांडा) फिरवावाच लागला तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि लाकडाला एक रात्र द्या.

इंटोनेशन, म्हणजे मानेवर वरपर्यंत सूर बरोबर येण्याची जुळणी, नव्या तारा ताणून स्थिर झाल्यावरच लावा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर जुळायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) मानेपासून लांब न्या, उतरा असेल तर जवळ आणा. सहावीचं सॅडल बहुधा पार मागे जातं. जागा संपली तर त्यामागची छोटी स्प्रिंग काढली की थोडी आणखी मिळते. दाबताना हात हलका ठेवा, नाहीतर तुम्ही स्वतःच्या बोटाचा जोर मोजत बसाल.

सूर जुळवणं

ही पायरी घाईत उरकू नका. चौथ्या तारेपासून सुरुवात करा, कारण ११० हर्ट्झ कुठलाही ट्यूनर नीट वाचतो आणि बाकी सगळं तिच्याशीच जुळवायचं आहे. ५५ हर्ट्झवर मात्र बरेच ट्यूनर चाचपडतात. त्यांना मदत करा: मानेजवळचा पिकअप (तारेची थरथर टिपणारा चुंबक), टोनची कळ शून्यावर, पिकऐवजी अंगठ्याचा मांसल भाग आणि बाराव्या फ्रेटच्या वर हलका आघात. तरीही काटा नाचला तर बाराव्या फ्रेटचा स्पर्शसूर, म्हणजे तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर, वाजवा. तो ११० वर येतो.

मग ट्यूनर बंद करा. सहावीचा बाराव्या फ्रेटवरचा स्पर्शसूर आणि मोकळी चौथी तार एकत्र ऐका. वेगळे असतील तर आवाजात लाट येते, वाँव-वाँव-वाँव. खुंटी हळूहळू फिरवा. लाट लांब होत जाते आणि एका क्षणी पूर्ण विरते. असंच पाचवी-तिसरी आणि चौथी-दुसरी या जोड्यांचं.

आता माझा आवडता भाग. सहाव्या तारेच्या सातव्या फ्रेटवर स्पर्शसूर वाजवा: तो १६५.० हर्ट्झ. पाचवीच्या बाराव्या फ्रेटवरचा: ट्यूनरप्रमाणे लावली असेल तर १६४.८. दोन्ही एकत्र वाजू द्या. पाच-साडेपाच सेकंदांना एक, अशी अत्यंत संथ लाट ऐकू येईल. ट्यूनर सगळे पंचम किंचित आखूड करून देतो, त्याचा हा पुरावा. पाचवी आणि तिसरी तार तेवढीच, म्हणजे अर्धस्वराच्या पन्नासाव्या भागाएवढी, वर चढवली की लाट थांबते आणि पंचम शुद्ध होतो. स्वच्छ आवाजात फरक बारीक वाटतो. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) लावून सहावी, पाचवी, चौथी एकदम छेडली की तो उघड दिसतो: आधी गुरगुरणारा सूर एकसंध, स्थिर उभा राहतो. बँडमध्ये कीबोर्ड असेल तर ट्यूनरचेच सूर ठेवा. एकटे वाजवत असाल तर शुद्ध पंचम लावा, त्याला तोड नाही.

अॅम्प: खर्ज कमी करा

उलटं वाटेल, पण बासची कळ नेहमीपेक्षा खाली आणा. गिटारचे स्पीकर साधारण ७५ हर्ट्झच्या खाली झपाट्याने मान टाकतात. त्यामुळे ५५ हर्ट्झ हा मूळ सूर स्पीकर फारसा देतच नाही. ११०, १६५, २२० यांवरून तो आपला कान मनातल्या मनात रचतो. बास वाढवला तर फक्त गढूळपणा वाढतो. मिडल वाढवा, म्हणजे कानाला पुरावा मिळेल. गेन तुम्हाला वाटतो त्याच्या दोन-तृतीयांशच ठेवा.

डिस्टॉर्शनच्या आधी एक ओव्हरड्राइव्ह पेडल, ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल वर, असं ठेवून पाहा. ट्यूब स्क्रीमर जातीची पेडलं सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी पेटवतात, त्यामुळे जाड तारेचा आघात घट्ट, आटोपशीर येतो. मानेजवळचा पिकअप खर्जाच्या बाजूने थोडा खाली करा. चुंबक जवळ असला की तो जाड तारेला ओढतो आणि सूर डचमळतो.

गुंजन जितकं सुंदर तितकंच अडचणीचंही आहे. तुटक, घट्ट रिफ वाजवताना मोकळ्या तारा मागे गुणगुणत राहतात. तेव्हा नटजवळ मानेला मऊ कापडाची पट्टी बांधा. मोकळं वाजवायचं असेल तेव्हा ती काढून टाका.

बोटं कुठे ठेवायची

सहावी-पाचवी-चौथी आणि चौथी-तिसरी-दुसरी या दोन त्रिकुटांची रचना हुबेहूब सारखी आहे, सा प सा. खालच्या त्रिकुटावर एका बोटाने आडवं दाबलं की पॉवर कॉर्ड. तेच बोट वरच्या त्रिकुटावर नेलं की तीच कॉर्ड एक सप्तक वर. शिकायचा आकार एकच.

मोकळ्या ए-वर गंधार हवा असेल तर दुसऱ्या तारेवर जा. तिसरा फ्रेट कोमल गंधार, चौथा शुद्ध. त्याच वेळी पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट धरा, तो पंचम. ०-०-०-०-३-२ हा ए मायनर, ०-०-०-०-४-२ हा ए मेजर (सहाव्या तारेपासून वाचा). पहिला भारदस्त, दुसरा उजळ.

पण या ट्यूनिंगचा खजिना इथे नाही. खालच्या तीन तारा एका बोटाने दाबा, वरच्या तीन मोकळ्या सोडा आणि बोट मानेवर सरकवत जा. तिसऱ्या फ्रेटवर खाली सी-जी-सी आणि वर ई-ए-डी: मोठं उघडं आकाश. पाचव्यावर डी-ए-डी, गंधार नसलेली आणि म्हणून ना आनंदी ना उदास अशी कॉर्ड. सातव्यावर ई-बी-ई, अधांतरी, घरी परतण्याची वाट बघणारी. आठव्यावर एफ-सी-एफ, त्यावर मोकळा ई आला की अंगावर काटा येतो. दहाव्यावर जी-डी-जी. क्रम म्हणून ०, ८, ३, १० घ्या, प्रत्येकाला दोन आवर्तनं द्या आणि वरच्या तारा अजिबात दाबू नका. खालून जमीन सरकते, वर सूर तेच राहतात, पण प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ बदलतो. मी पहिल्यांदा हे वाजवलं तेव्हा तासभर उठलो नाही.

आडवं दाबलेलं बोट सोडून पहिल्या तारेवर एकटी चाल शोधायची असेल तर हा नकाशा: मोकळी तार म, दुसरा फ्रेट प, तिसरा कोमल ध, पाचवा कोमल नी, सातवा वरचा सा, आठवा कोमल रे, दहावा कोमल ग. मोकळ्या म-वरून दुसऱ्या फ्रेटवर बोट आपटून प काढा आणि परत सोडा. अंगठ्याने खाली सहावी संथ चालू ठेवा. पाच मिनिटं हेच करा आणि दर वेळी सहावी पूर्ण विरण्याआधी दुसरा आघात करू नका. हा संयम खर्जाला लागतोच, कारण जाड तारेला उमलायला वेळ लागतो. वेगाने वाजवलं की सुराऐवजी नुसता आघात उरतो.

पिक एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या, पण मनगट सैल ठेवा. तळव्याने तार दाबून वाजवताना हात अगदी ब्रिजवर टेकवा. एखादा सेंटिमीटर पुढे आलात तर सूर मरतो.

सोबत बास गिटार असेल तर आधी बोलून घ्या. तुमची मोकळी सहावी म्हणजे बासची मोकळी ए तार, तोच ५५ हर्ट्झ. दोघं एकाच जागी उभे राहिलात तर दोघंही ऐकू येत नाहीत. बासने खालच्या ई-कडची बाजू धरावी किंवा तुमच्यासोबत एकसुरात, पण कमी सुरांत राहावं. तुम्ही वरच्या तीन तारांवर गेलात की खालची सगळी जागा बासची.

परतताना एक गोष्ट विसरू नका. या तारा नेहमीच्या ट्यूनिंगला चढवायच्या नाहीत. ०.०६८ ची तार ई-पर्यंत नेली तर तिच्या एकटीवर साडेसतरा किलोच्या आसपास ताण येतो, नेहमीच्या दुप्पट. आधी तारा बदला आणि मूळ नट बसवा. मग ई-ए-डी-जी-बी-ई लावा, आणि इंटोनेशन पुन्हा पहिल्यापासून तपासा, कारण सॅडल अजून खर्जाच्याच जागी असतील.